वल्ह्याला लावलेला कान

तांडेल मोटारीकडे डोळ्यांनी कधी पाहत नसत. तुम्ही तुमची मोटार घासूनपुसून, तिचे पितळी दिवे चिंचेनं लखलखवून त्यांच्या पुढ्यात उभी केलीत, तरी ते आधी डोळे मिटत. मग मोडक्या वल्ह्याचा दीड हात लांबीचा तुकडा घेऊन त्याचं एक टोक चाकाच्या मधल्या तुंब्याला टेकवत, दुसरं कानाला लावत, आणि बऱ्याच वेळानं ‘हं’ म्हणत. त्या एका ‘हं’नं रेवदंड्यातली भली भली माणसं मटकन खाली बसताना मी पाहिली आहेत. डॉक्टरनं छातीला नळी लावून तोंड लांब केलं तर माणूस आपल्या एकट्याच्या जिवाला भितो. तांडेलांच्या ‘हं’नं मोटारीत बसणाऱ्या अख्ख्या खटल्याची तिरडी डोळ्यांसमोर यायची.

त्यांचं हे शास्त्र समुद्रातलं. घोळ मासा पाण्याखाली बोलतो. वल्ह्याचं पातं पाण्यात सोडायचं, दांड्याला कान लावायचा, की खालचं बोलणं लाकडातून वर येतं. तांडेलांनी तीस वर्षं असं ऐकून जाळी टाकली. रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडाशी बसून मुरूडपुढची घोळ नर आहे की मादी ते सांगत म्हणे. मी मुरूड म्हणतो. कोळीवाड्यातले लोक रत्नागिरी म्हणायचे, पण मला फुगवून सांगायची सवय नाही. पुढे कंबर धरली, होडी धाकट्या भावाच्या हाती गेली आणि तांडेल किनाऱ्यावर बसून जाळी विणू लागले. त्याच सुमारास बंदरात पहिली मोटार उतरली. तिच्याभोवती सगळा गाव जमला होता, कुणी भोंगा दाबत होतं, कुणी नारळ फोडत होतं. तांडेलांनी तिला सवयीनं वल्हं लावलं आणि मागच्या चाकाची चावी ढिली आहे असं सांगितलं. ती खरोखरच ढिली निघाली. तेव्हापासून चौल-रेवदंड्यातल्या मोटारींचे ते धन्वंतरी झाले. मोटारी तरी किती? एका हाताच्या बोटांवर मोजून अंगठा शिल्लक राहायचा.

त्यातली एक माझी. मुंबईत एका पारशानं कंटाळून विकलेली, मचव्यात फळ्या टाकून आणलेली, लाकडी आऱ्यांच्या चाकांची. तिच्यासारखी भित्री वस्तू या किनाऱ्यावर दुसरी नव्हती, आणि असलाच तर तिचा मालक. गावात मी छाती काढून मोटार हाकायचो, पण वाडीच्या कुंपणापलीकडे गेलो की कान ससाण्याला पाहिलेल्या सशासारखे व्हायचे. टक् झालं की वाटायचं धुरा तुटला. खर्र झालं की वाटायचं आता चाक आपल्या पुढे धावत अलिबागला पोचणार. सगळं गप्प असलं की वाटायचं मीच मेलो.

पहिल्यांदा मी तांडेलांकडे धावलो तो दिवस आठवतो. डाव्या अंगाला खाली कुठेतरी खडखडतंय असं मी धापा टाकत सांगितलं. त्यांनी जाळ्यातून मानही वर केली नाही.

“कुटं वाजतंय ता मी बघन, बापू. तू मना कवा वाजतंय ता सांग.”

मला ते सांगता येईना. मग त्यांनी मला कामाला लावलं. मोटार जागेवर उभी ठेवून इंजिन चालवायला सांगितलं. तेव्हा वाजलं तर दुखणं इंजिनाचं. मग आमच्या आगरातल्या उतारावरून इंजिन बंद करून नुसती घरंगळत सोडायला लावली. तरीही वाजलं तर दुखणं चाकांचं. मग अंगणात उजवीकडे गोल फिरवली, तेव्हा भार डाव्या चाकांवर येतो. मग डावीकडे, तेव्हा उजव्या. मी चरकाच्या बैलासारखा फिरत होतो आणि तांडेल मधोमध डोळे मिटून उभे. शेवटी नारळाच्या खोडाच्या तरफेनं एकेक चाक उचललं, हातानं गरगर फिरवलं, वरखाली धरून हलवून पाहिलं. दुपार कलली तेव्हा त्यांनी कान मोटारीतून काढला आणि मागची गादी उचलायला सांगितली. खाली माझ्या आत्याचा अडकित्ता होता. दोन दिवस घरात सुपारी का कातरली जात नाही, याचाही उलगडा झाला.

मी इतका ओशाळलो की बोलायची सोय नव्हती. तांडेल मात्र हसले नाहीत. घाबरलास ते बरं केलंस, असं म्हणाले. “भिनारा मानूस उतरून बघतो. न भिनारा गाडी दामटवतो, आन मग बाकीची मान्सं उतरून त्याला बघतात.”

मोटारीच्या गादीवर ते कधी बसले नाहीत. गादीत कापूस असतो, कापसातून काय आयकू येनार, म्हणायचे. कुठे न्यायचं तर दाराखालच्या पायरीवर उकिडवे बसत, एक हात दाराच्या कडीत, दुसऱ्यात वल्हं. रेवदंड्याहून धरमतरला लाँच गाठून देणारी सर्व्हिस मोटार हसनमियाँ चालवी. तो त्यांना चिडवायचा, की चाचा, तुम्हाला असे लोंबकळताना पाहून उतारूंना वाटतं मी माणसं सुकत घालून नेतो. तांडेल म्हणत, हसन्या, तुझ्या गाडीत बसून आलेल्यापेक्षा सुकटीचा बोंबील ताजा दिसतो. दोघांचं हे रोजचं. पण हसनमियाँ आपली मोटार आठवड्यातून एकदा तांडेलांच्या झोपडीसमोर उभी केल्याशिवाय राहत नसे, आणि त्यांचं ‘चल जा’ ऐकल्यावाचून वाटेतली कार्ले खिंड चढत नसे.

त्या वर्षी फाल्गुनातच ऊन इतकं तापलं की नारळ झाडावरच खोबरं होऊन पडत होते. आणि माझी मोटार करकरू लागली. नवी वहाण घालून चारशे जावई एकदम चालत यावेत, तशी. वळणावर जास्त, सरळ रस्त्यावर कमी. दोनच दिवसांत हसनमियाँच्या सर्व्हिसलाही तेच दुखणं लागलं. तांडेलांनी वल्हं लावलं आणि या खेपेला त्यांना फार वेळ लागला नाही. लाकूड सुकलंय, ते म्हणाले. आरे आक्रसलेत, तुंब्यात हलतायत. पावसाळ्यात वर ओढून छपराखाली ठेवलेल्या होडीचं असंच होतं. आठ महिने पाण्यात खेळलेल्या फळ्या कोरड्यात बसल्या की भेगा पडतात. मग होडी पुन्हा पाण्यात घालून दोन दिवस बुडू द्यायची, लाकूड फुगतं, भेगा मिटतात. कोळ्याच्या घरात हे पाळण्यातल्या पोराला ठाऊक.

तेव्हा उपाय ठरलेलाच होता. ओहोटीला माझी मोटार आणि सर्व्हिस दोन्ही खाडीच्या घट्ट वाळूत नेऊन उभ्या केल्या, दगड लावले, आणि भरतीचं पाणी चाकांच्या मध्यापर्यंत चढू दिलं. दोन मोटारी समुद्रात अंघोळीला बसलेल्या पाहायला नागावपासून माणसं आली. दुसऱ्या दिवशी त्या बाहेर काढल्या, आऱ्यांवर विहिरीचं गोडं पाणी ओतलं आणि हँडल मारलं. करकर नाही की कुरकुर नाही. मोटार अशी चालली की मी दोनदा खाली वाकून चाकं आहेत ना ते पाहिलं. हसनमियाँनं तांडेलांच्या गळ्यात अबोलीचा गजरा घातला. तांडेलांनी तो सांजेपर्यंत काढला नाही.

वैशाखात मला धरमतरला जायचं होतं. माझी पत्नी सरस्वती पहिल्या बाळंतपणाला मुंबईला माहेरी गेली होती. पावसाळ्यात लाँच बंद होण्याआधी ती दोन महिन्यांच्या लेकीला घेऊन परत येत होती. लेक मी अजून पाहिलीही नव्हती. मी तांडेलांना बरोबर चला म्हणालो. त्यांनाही लाँचनं येणारं जाळ्याचं सूत घ्यायचं होतं. जाताना मोटार नुसती तरंगत गेली. धरमतरच्या धक्क्यावर सरस्वतीनं मुलगी माझ्या हातात दिली, आणि खरं सांगतो, तोवर मला जी भीती वाटत होती ती भीतीच नव्हती. ते मुटकुळं हातात आलं आणि मला जगातला प्रत्येक खिळा ढिला दिसू लागला.

परतताना पोयनाड मागे टाकलं आणि डाव्या पुढच्या चाकातून एक आवाज येऊ लागला. करकर नव्हे. जात्यात खडा सापडावा तसा, बारीक, दाताखाली येणारा. सरस्वतीला ऐकू आला नाही. मला आला, पण मी स्वतःला सांगितलं की तू भित्रा आहेस, तुला अडकित्तेसुद्धा धुऱ्यासारखे वाजतात. पायरीवर तांडेल बसले होते. त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांचे डोळे उघडे होते. मोटार चालू असताना त्यांचे डोळे उघडे मी कधी पाहिले नव्हते. 

कार्ले खिंडीच्या माथ्यावर त्यांनी थांब म्हटलं. आजच्या लोकांना ती खिंड म्हणजे घराचा उंबरठा वाटेल. मला त्या दिवशी ती हिमालय होती आणि पलीकडे थेट पाताळ. तांडेल खाली उतरले, वल्हं तुंब्याला टेकवलं आणि मला मोटार हातभर पुढे घ्यायला सांगितलं. मी घेतली. आणखी हातभर. घेतली. त्यांनी ‘हं’ म्हटलं नाही. वल्हं खाली ठेवून ते रस्त्यावरच बसले.

“बापू, ह्ये माझ्या हातचं हाय,” ते म्हणाले. “लाकडाचं आयकलं. लोखंडाचं आयकलं न्हाय.”

मला समजेना. मग त्यांनी हळूहळू सांगितलं. होडीत असतं लाकूड. खारं पाणी लाकडाला धार्जिणं. पण चाकाच्या तुंब्यात लोखंडाचे छर्रे असतात, त्यांच्यावर चाक फिरतं. खाडीचं पाणी आत शिरलं, ग्रीसात मीठ बसलं, आणि वरून गप्प असलेलं चाक दोन महिने आतून गंजत होतं. छर्रे आता फुटायला आलेत. उतारावर भार पुढे येईल तेव्हा फुटतील.

सरस्वती मुलीला घेऊन उतरली. तांडेलांनी तिला वीस पावलं मागे राहून चालायला सांगितलं. मोटार माथ्यावर सोडून द्यावी असं मला फार वाटत होतं, पण ती अरुंद रस्त्याच्या ऐन वळणावर उभी होती आणि दुपारच्या लाँचसाठी सर्व्हिस मोटार त्याच रस्त्यानं वर येणार होती. ती बाजूला घेणं भाग होतं. उताराला शंभर पावलांवर, डोंगराच्या बाजूला जागा होती. मी सुकाणूपाशी बसलो. माझ्याच खिशातली चिल्लर वाजली, ती मोटार समजून मी दोनदा ब्रेक दाबला. आणि तांडेल त्या डाव्या चाकाला लागून, तुंब्यावर तळवा ठेवून चालत होते. चाक निखळलं असतं तर सगळी मोटार त्यांच्यावर कलंडली असती. मी त्यांना बाजूला व्हा म्हणून ओरडलो. ते म्हणाले, तू समोर बघ.

ऐंशी पावलं झाली असतील. कडाड् झालं आणि चाक आत वाकलं.

“डोंगराला घाल!” तांडेल गरजले, होडी किनाऱ्याला घालायला सांगावं तसे. मी सगळा देह त्या सुकाणूवर टाकला. मोटार डोंगराच्या मातीत नाक खुपसून उभी राहिली. मी म्हणत असतो की त्या क्षणी मी प्रसंगावधानानं बाहेर उडी घेतली. सरस्वती म्हणत असे की मोटार थांबल्यावर बराच वेळ मी आत बसून, गेलेल्या माणसाचं म्हणावं तसं स्वतःचं नाव पुटपुटत होतो. तांडेल चार हात दूर खडीत पडले होते. कोपर सोलवटलं होतं. उठले आणि चाकाकडे न पाहता रस्त्याच्या खालच्या बाजूला कान देऊन उभे राहिले.

तेव्हा मला आठवलं. खाडीत दोन मोटारी उभ्या होत्या.

खालून हसनमियाँची सर्व्हिस धपापत येत होती. आत तीस-चाळीस माणसं, पाट्या, गाठोडी, टपावर कोंबड्यांची डालगी. अलिबागेपर्यंतचा रस्ता सपाट, पण आता ती खिंड चढून पलीकडे उतरणार होती. तांडेल रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. मी धावत जाऊन त्यांच्या कानाशी लागलो. म्हटलं, तांडेल, एवढं सगळं सांगत बसू नका. वल्हं लावा, ‘हं’ म्हणा, चाक खराब वाजतंय म्हणा. तुमच्या शब्दावर तो आत्ता गाडी उभी करील. कुणाला काही कळायचं नाही.

“आयकलं न्हाय ता आयकलं म्हनून कसं सांगू?” ते म्हणाले.

सर्व्हिस थांबली. हसनमियाँ वैतागून ओरडला, की चाचा, मस्करी नको, लाँच निघून जाईल. तांडेलांनी त्याला खाली उतरून चाक खोलायला सांगितलं. का, आवाज येतो का, असं त्यानं विचारलं. तांडेल म्हणाले, नाही, आवाज येत नाही. आणि मग त्या भर उन्हात, पाट्या आणि डालग्यांतून डोकावणाऱ्या सगळ्या माणसांसमोर, त्यांनी मोठ्यानं सांगितलं की मी तुझी चाकं खाऱ्या पाण्यात बुडवली, ती माझी चूक, बापूचं चाक फुटलं, तुझंही फुटेल. माझा कान चुकला.

एवढं बोलून ते थांबले.  मग आतला अलिबागचा एक कारकून म्हणाला, ज्याचा कान चुकला त्याचं ऐकून लाँच का चुकवायची? दोघेतिघे हसले. हसनमियाँ मात्र माझ्या मोटारीच्या वाकलेल्या चाकाकडे बघत होता. मग त्यानं माझ्याकडे आणि मुलीला पदराखाली घेऊन उतरणाऱ्या सरस्वतीकडे पाहिलं.  जॅक काढला, पुढचं चाक उचललं, टोपण काढलं. तुंब्यातून कुंकवासारखा लाल चिखल आला, आणि त्यात छर्ऱ्यांचे तुकडे. सगळी सर्व्हिस मुकाट्यानं खाली उतरली आणि गाठोडी डोक्यावर घेऊन पोयनाडच्या दिशेनं चालू लागली. कारकूनही. जाताना तांडेलांचे कुणी आभार मानले नाहीत, शिवी मात्र दोघांनी दिली. हसनमियाँनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्यानंतर कोळीवाड्यात मोटार थांबेनाशी झाली. गावात चेष्टा व्हायची. कुणाची बैलगाडी करकरली तरी लोक म्हणत, ने, तांडेलांकडून बुडवून आण. तांडेल जाळी विणत राहिले. मी माझी मोटार नवे छर्रे घालून घेऊन गेलो आणि कान लावा म्हटलं, तर त्यांनी मान हलवली.  एवढी वर्षं मी मोटारीला भ्यालो होतो. आता भीती वाटली ती ही, की हा कान असाच बंद होऊन जाईल.

आश्विनात एकदा माझी मोटार घरी असूनही मी सर्व्हिसनं निघालो होतो. कारण विचाराल तर सांगणार नाही, पण त्या दिवशी अमावास्या होती. गाडी रेवदंडा सोडणार तोच हसनमियाँनं ती कोळीवाड्याकडे वळवली आणि तांडेलांच्या झोपडीसमोर उभी करून इंजिन बंद केलं. नशीब असं की तोच कारकून माझ्या शेजारी होता. तो भडकला. ह्याच म्हाताऱ्यानं चाकं सडवली ना, आणि परत त्यालाच विचारतोस?

हसनमियाँ उतरता उतरता थांबला. शांतपणे म्हणाला, “साहेब, अलिबाग, पेण, मुंबई, सगळ्या मिस्त्र्यांनी माझी गाडी हाताळली. आजवर एकाचीही चूक झाली नाही, असं ते सगळे सांगतात. ज्याची झाली असा हा एकच माणूस मला ठाऊक आहे.”

तांडेलांच्या हातातली जाळं विणायची सुई थांबली होती. ती त्यांनी जाळ्यात खोचली आणि कोपऱ्यातलं वल्हं उचललं. मग उठून आले, गाडीजवळ उभे राहिले आणि आधी सगळ्यांना खाली उतरा म्हणाले. आम्ही उतरलो. कारकून उतरला. टपावरची कोंबड्यांची डालगीसुद्धा हसनमियाँनं एकेक करून खाली घेतली.